वर घे, खाली घे, बास

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कामावर आडवं पडायला मनाई आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी चष्म्याची फुटकी काच बदलली, की अजून एक डोळा मिटूनच पेपर वाचतात? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त मान आखडलीय, त्याचं कारण पुढे येईल. पत्र पाहून तुला वाटेल, याचा फोन हरवला. फोन आहे, त्यात तुझा नंबर आहे, मला बोटंही दहा आहेत, पण त्यातलं एकही आठ महिने त्या नंबरावर टेकायला तयार नाही. म्हणून आमच्या कामावरचा फिटर तिकडे घरी निघालाय, त्याच्या हाती हे कागद देतोय. सातवीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ पोटात घाल. लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नकोस. लहानपणी तू माझ्या वहीत जेवढी लाल शाई ओतलीस, तेवढ्यात एक भिंत रंगली असती.

आठ महिन्यांपूर्वी बारक्या दोन वर्षांचा झाला, त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, पोरगं बोलत नाही, एकदा दाखवून आणा. तू चांगल्या मनाने म्हणालीस. मी मात्र असा उसळलो, जणू तू त्याच्यात खोट काढलीस. तू तुझ्या वर्गातली पोरं सांभाळ, माझं पोर सांभाळायला मी आहे, असं काहीसं बोललो. (काहीसं नाही, हेच बोललो. पुढचं लिहीत नाही, तुला पाठ असेल.) खरं सांगू का, धास्ती मलाही होती. त्याच्या तोंडात शब्द मोजून तीन, त्यातला एक मांजराचा. त्याला ऐकू तरी येतं का, हा विचार मनात आला की मी तो झटकून दुसरं काम काढायचो. आणि आपण दडवलेल्या दुखण्यावर दुसऱ्याने बोट ठेवलं की माणूस चावतो. तुझ्या भावजयीलाही बजावलं, की ताईच्या नादाला लागू नकोस.

मग सल्ल्यांचा बाजार भरला. आई म्हणाली, तुमचा बाप साडेतीन वर्षं मुका होता आणि नंतर जन्मभर त्याला कोणी गप्प करू शकलं नाही. समोरचे शिंपीकाका म्हणाले, जीभ जड आहे, पाचव्या वर्षी आपोआप हलकी होईल. (त्यांना स्वतःला मूल नाही, पण मापं सगळ्यांची ठाऊक.) इथला वेल्डर तीन मुलांचा बाप, म्हणून त्याचा शब्द मला प्रमाण. तो म्हणाला, मागितल्याशिवाय काही देऊच नका, तहान लागली की झक मारत बोलेल. हा प्रयोग मी इथून फोनवर करवून घेतला. तुझ्या भावजयीने पाण्याचा पेला फळीवर ठेवला आणि दगडासारखी उभी राहिली. बारक्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, स्टूल ओढलं, वर चढला, पाणी प्याला आणि उरलेलं तिच्या डोक्यावर ओतलं. बोलला काहीच नाही. बोलली ती, आणि मला.

आता माझं काम सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. इथे सोळा मजल्यांची इमारत उभी राहतेय. तिच्या शेजारी उंच क्रेन, आणि क्रेनच्या टोकाला काचेच्या खोलीत आभाळकाका. (खरं नाव कोणी विचारलं नाही. सकाळी चढतात, दुपारी जेवायला उतरतात, पुन्हा चढतात.) मी खाली उभा राहून दिवसभर वर बघत त्यांना हाताने सांगतो. (मानेचं कारण हे.) बोट वर करून गोल फिरवलं की वर घे. बोट खाली करून फिरवलं की खाली घे. फिरत्या बोटासमोर दुसरा तळवा धरला की हळू. दोन्ही हात फाकवून झुलवले की बास, आहे तिथे थांब. कानात बोळे असतात, कारण ड्रिलचा आवाज असा की आपलाच विचार आपल्याला ऐकू येत नाही. दुपारच्या सुट्टीत मी बारक्याला व्हिडिओ कॉल लावतो, तर तेव्हाही जनरेटर धडधडत असतो. मग मी काय बोलणार? त्याला क्रेन दाखवायचो आणि हातवारे करून हसवायचो. तो टक लावून बघायचा. आई म्हणायची, बापाला ओळखतं हो लेकरू.

गेल्या महिन्यात भावजयीचा रडवेला फोन आला. पोरगं हात विचित्र हलवतंय, उभ्या उभ्या बोट आकाशाकडे फिरवतंय, जेवताना पंख फुटल्यासारखे दोन्ही हात झुलवतंय. आईला वाटलं माश्या हाकलतोय, म्हणून तिने खिडकीला जाळी बसवून घेतली. भावजयीला वाटलं, काहीतरी मेंदूचं आहे. तिने व्हिडिओ पाठवला. तो मी जेवणाच्या टेबलावर उघडला आणि माझा घास तोंडातच राहिला. आभाळकाका शेजारी होते. त्यांनी मान वाकवून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, की पोरगं वर घे म्हणतंय, आणि तुझी बायको त्याला उचलायचं सोडून रडतेय. पुढच्या तुकड्यात आई घासामागून घास कोंबत होती आणि बारक्या बास, बास, बास असा शिस्तीत इशारा देत होता. इथे एवढा इशारा कोणी मोडला तर कामावरून काढतात.

ताई, मी टेबलावर मूठ आपटून हसलो. सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. म्हटलं, पोरगं हुशार आहे, विषय संपला, कशाला हवा डॉक्टर. आभाळकाका हसले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "मला वर काही ऐकू येत नाही, म्हणून तू हात हलवतोस. त्याला हात का लागतात?"

दुपारभर मी कानात बोळे घालून उभा होतो, आणि पहिल्यांदाच ते बोळे मला जाणवले. समोर माणसं तोंडं हलवतायत आणि आपण त्यांच्या हातांकडे बघून जगतोय. माझं पोर दिवसभर असंच असेल तर?

त्याच संध्याकाळी भावजयीला सांगितलं, की जा. तिने चारच दिवसांत नंबर लावला. (बाकी कामांना हिला चार महिने लागतात.) सोबत कोणी शेजारीण गेली होती म्हणे. कानाच्या डॉक्टरने यंत्र लावलं, आत बघितलं आणि सांगितलं, की दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय. लहान मुलांत होतं हे सर्दीनंतर. पाण्यात बुडी मारल्यावर बाहेरचं जसं ऐकू येतं, तसं त्याला ऐकू येत असणार. ऐकण्याची नस शाबूत आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, पाणी गेलं तर ठीक, नाहीतर छोटंसं काम करून ते काढतात. मी इथे सिमेंटच्या पोत्यावर बसून हे ऐकलं आणि उठलोच नाही बराच वेळ. मुकादम विचारायला आला, काय झालं. म्हटलं, पाणी झालं. त्याला वाटलं पाइप फुटला.

नंतर बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी सांगितलेलं सगळं त्या शेजारणीने कागदावर उतरून घेतलं, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. शेजारीण सुलक्षणी दिसते, समास आखून लिहिलंय. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं येत नसेल, तर वाट बघू नये, विचारावं, आणि कान आधी तपासावे. तहानलेलं ठेवू नये. (हे वाक्य दोनदा अधोरेखित आहे, तेही लाल पेनाने. त्या शेजारणीकडे दुसरं पेन नसावं.) समोर बसून तोंड दिसेल असं बोलावं, आणि मुलाला उत्तर द्यायला वेळ द्यावा. इशारे मुळीच तोडू नयेत, चांगली खूण आहे ती, फक्त प्रत्येक इशाऱ्यासोबत शब्द म्हणावा. म्हणून आता दुपारी मी जनरेटरपासून लांब, भिंतीमागे जाऊन फोन लावतो. मी बोट फिरवतो, आणि मागे वेल्डर, फिटर आणि आभाळकाका मिळून "वर!" म्हणतात. परवा आईने चौथा घास पुढे केला, तर बारक्याने दोन्ही हात झुलवले आणि स्पष्ट म्हणाला, "बास." आईच्या हातून चमचा पडला. मग तिला एवढा आनंद झाला, की पुन्हा ऐकायला म्हणून तिने आणखी सहा घास पुढे केले.

तर ताई, तुझं खरं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच पानं लागली.

तुझा,
धाकटा

ता. क. आई सगळ्यांना सांगतेय, की पोरगं तिच्या जेवणामुळे बोलायला लागलं. तिला काही बोलू नकोस.

ता. क. २. आता मुद्द्याचं. पुढच्या तपासणीला तू भावजयीबरोबर जाशील का? ती शेजारीण भली असेल, पण परकी ती परकी. तुझ्यासारखं डॉक्टरला चार प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी भावजयीला फोन केला, की ताईला विचारतोय. ती आधी हसली, मग हुंदका आला तिला. शेजारीण वगैरे कोणी नव्हतीच म्हणे. नंबर तू लावलास, मांडीवर बारक्याला तू धरलंस, कागदही तुझाच. म्हणजे ही पाच पानं मी ज्या माणसाला सांगत बसलो, तो माणूस तिथेच होता. लाल पेन बघूनही मला कळलं नाही, यावरून माझेही कान तपासायला हवेत.

पत्र तरीही पाठवतोय. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावीन, भिंतीमागून. घरात बोलायला उशीर करणारे दोघं, त्यातला एक सुधारला. तुला एवढ्यात माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसतं बोट वर करून गोल फिरव. मला कळतं ते.