आकाशगंगेच्या काठावरचा गुच्छ

१० फेब्रु., राजुरी
शेजारच्या दत्ताभाऊंचं वासरू बिबट्याने नेलं. संध्याकाळी, घरात सगळी जागी असताना. आज त्यांनी आमच्या भिंतीलगत मोठा फ्लडलाइट लावला. आमची गच्ची आता दिवसासारखी. दुर्बीण झाकून ठेवली. त्यांना काय म्हणणार? त्यांच्या जागी मी दोन लावले असते.
पण २४१९ नंबरचा तारकागुच्छ, इतकी वर्षं शोधतेय तो, याही हिवाळ्यात हुकला.

१२ फेब्रु.
लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या काचपट्ट्या. बाहेरून वन खात्याची गाडी भोंग्यावरून सांगत गेली: शेतात वाकू नका, खाली बसू नका, वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं. दुर्बिणीला डोळा लावायचा तो वाकूनच.
जेवताना नवऱ्याला, प्रदीपला, २४१९ म्हणजे काय ते सांगितलं. गोलाकार तारकागुच्छ. लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा गोळा, आपला सूर्य जन्मायच्या कितीतरी आधीचा. आकाशगंगेच्या पार बाहेरच्या अंगाला, तीन लाख प्रकाशवर्षं लांब.
"दिसल्यावर काय व्हनार?"
"काही नाही."
भाकरी मोडत म्हणाला, "मग आणे गावाला जाऊ की. तिथं पठारावर उजेड नाय."
सासूबाई ताटावरून उठल्या.

१६ फेब्रु.
उद्या जायचं.  सासूबाईंनी खिळ्यांचा पट्टा आणून माझ्यापुढे ठेवला. बिबट्या मान धरतो म्हणून खुरपायला जाताना बाया गळ्यात घालतात तो. "ह्यो घाल. न्हाईतर जाऊ नगं."
आरशासमोर घालून पाहिला. लगेच काढला.

१८ फेब्रु.
काल लिहिता आलं नाही.  
पठारावर प्रदीपची पिकअप रस्त्याकडेला लावून दुर्बीण उतरवली. भोवती ज्वारी काढलेली रानं, बिबट्या लपेल असा ऊस कुठे नाही, म्हणून धीर होता. अंधार पडला तसा पुनर्वसूच्या वरच्या ताऱ्यापासून उत्तरेकडे सरकत गेले. दोन तारे शेजारीशेजारी. आणि त्याच ओळीत, तिसऱ्या जागी, एक धुरकट डाग. काचेवर श्वास बसावा तसा. श्वास रोखून धरला. नजर जरा तिरकी केली आणि...
"वैशाली." प्रदीपचा आवाज अगदी खाली. "सरळ हुभी ऱ्हा. हळू. पळू नगं."
उभी राहिले. निघताना शेवटी घातलेल्या पट्ट्याखाली मान भिजली. त्याने टॉर्च मारला. बांधावर दोन डोळे. निवांत बसलेला. म्हणजे मघापासून बघत होता. मला. वाकलेल्या मला.
प्रदीप मोठमोठ्याने बोलू लागला. गाडीचा क्लच, मार्केटचं गेट, वाट्टेल ते. "तूबी बोल, बोल काय बी."  मी नक्षत्रांची नावं घेत सुटले. मृग, रोहिणी, कृत्तिका, परत मृग. मागे मागे सरकत गाडीपर्यंत. दार लागलं तरी मी नावं घेतच होते. दुर्बीण रानातच राहिली.

१९ फेब्रु.
उन्हं वर आल्यावर जाऊन दुर्बीण आणली. जागेवर होती. भोवती धुळीत पंजे. एक माझ्या चपलेच्या ठशावरच.
प्रदीपने तो पायाने पुसला. मी बघितलं हे त्याला कळलं नसावं.

२४ फेब्रु.
मायक्रोस्कोपवर वाकले की पाठ उघडी वाटते. आज दोनदा काचपट्टी सोडून मागे वळले. मागे फ्रिज. डॉक्टर म्हणाले, सुट्टी घ्या. घेतली नाही. घरी एकटीने काय करू?
आंबेगावहून मावसबहिणीचा फोन. त्यांच्या गावात बाईवर हल्ला झाला, गवत कापताना. वाचली. खांद्याला टाके.

४ मार्च
निरीक्षणांच्या वहीत लिहिलं: एनजीसी २४१९, आणे, दिसला.
'दिसला' खोडलं.
गार होतं त्या दिवशी. तो डाग म्हणजे गुच्छच, की आयपीसच्या काचेवर माझाच श्वास? रोखला होता ना मी श्वास? आठवायला गेले की डागाआधी बांधच दिसतो. इतक्या वर्षांचा शोध, आणि दिसलं की नाही तेच सांगता येत नाही.
प्रदीपला म्हटलं तर म्हणाला, "मी वर बघितलंच नाय."

१४ मार्च
अमावस्या जवळ आली. आणखी महिना गेला की उन्हाळ्याची धूळ, मग पाऊस. मग पुढचा हिवाळा. पुढच्या हिवाळ्यात आण्यालाही दिवे लागले असतील.
प्रदीप आपणहून बोलला. "परत जाऊ. गाडी अगदी जवळ लावू. मी तुज्याकडं पाठ करून हुभा ऱ्हातो, तू वर बघ."
"आणि तुझ्याकडे कोण बघणार?"
 सासूबाईंच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. त्या ऐकत होत्या.

१७ मार्च
उद्या जायचं का, त्याने आज परत विचारलं. सकाळी सांगते म्हटलं. तो मार्केटला गाडी घेऊन गेलाय, सासूबाई देवळीत दिवा लावून वंदनेला बसल्यात.
दिवस मावळलाय. कपडे दोरीवर राहिलेत, आत आणायला हवेत. दाराची कडी हातात धरून उभी होते. आता बसून हे लिहितेय. कडी अजून काढलेली नाही.