दुपारी दोनचं पाणी

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

चि. मैत्रेयी,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं मजेत. आईच्या गॅलरीतल्या मिरच्यांना बहर आलाय. ती शेजारीपाजारी वाटतेय आणि कौतुक ऐकून घेतेय. रिटायर होऊन वर्ष झालं, माझं पोट तेवढं सुटलंय.

काल किसन आला होता. कंपनीच्या फिल्टर प्लांटवर आता माझ्या जागी तोच असतो. म्हणाला, "राजाभाऊ, पोरीचं मशीन लय भारी. दर तासाला पाण्याचा गढूळपणा बघतंय, पुढच्या तासाचा अंदाज काढतंय, तुरटी आपली आपणच कमीजास्त सोडतंय. पण दुपारी दोन-तीनला हमखास गंडतंय. हिरमुसून पुण्याला गेली बघा. सोमवारी साहेबाला सांगणार, मला जमत नाही म्हणून."

जमत नाही काय? मशीनला तू माझ्या बारा वर्षांच्या नोंदवह्या शिकवल्यास ना? निवृत्तीच्या दिवशी साहेब त्याच वह्या उंच धरून सगळ्यांना म्हणाले होते, "शिका जरा राजरत्नकडून." मी फुलून गेलो होतो.

पोरी, त्यातल्या दुपारी दोन आणि तीनच्या नोंदी खोट्या आहेत. एकच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे करून मी आधीच भरून ठेवायचो. तुरटी जरा सढळ सोडून निघायचो, म्हणून कुणाला कळलं नाही. तेव्हा तुझी शाळा दोनला सुटायची, आई नोकरीवर, तुला घरी कोण आणणार?

इथेच थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण तू कॉलेजात गेलीस तरी माझी सवय गेली नाही. पंपाच्या खोलीतला पंखा छान लागायचा.

तेव्हा तुझं गणित चोख आहे. ते बिचारं माझ्या झोपेचा अंदाज बांधतंय. नवी खरी रीडिंगं मिळाली की ते जुनं विसरतं, हे तूच सांगितलंस. पण बारा वर्षांच्या खोट्यापुढे मशीन बसल्यापासूनचं पंधरा दिवसांचं खरं कमी पडतंय. त्या नोंदी काढून टाक आणि पुन्हा चालव.

फोनवर सांगणार होतो. दोनदा लावला आणि मिरच्यांचंच बोलत बसलो. आईला मात्र सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "पोरीपेक्षा तुमचं नाव मोठं नाही." खरंच आहे. आज जेवण गोड लागलं.

कुरिअरने पाठवतोय. सोमवारी हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेव, माझी लाज धरू नकोस. खोट्याखाली बारा वर्षं बेधडक सही केली. आज खऱ्याखाली करतोय.

तुझा बाबा,
राजरत्न