निरर्थक अक्षरे

२ डिसेंबर १९५८

पौडपर्यंत एस.टी. आणि पुढे पेंढ्याने निम्मी भरलेली बैलगाडी. गाडीवान म्हणाला, पेंढ्यावर बसा बाई, पुण्याच्या गादीपरीस मऊ हाय. खरेच होते. प्रवास मजेत झाला. मुळशीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला ही वाडी आहे. हवा कोरडी, पाणी गोड. घरमालकीण सगुणाबाईने ओटीलगतची खोली सारवून ठेवली होती. टेबल नाही, ट्रंकेवर कागद ठेवून लिहिता येते.

काम स्पष्ट आहे. शैक्षणिक मानसशास्त्रातील पीएच.डी.साठी मुलांच्या स्मरणावर प्रयोग करायचे. विषय: नवे शिकल्याने जुन्याचे विस्मरण होते काय? एम.ए. होऊन सत्तावीस वर्षे झाली. तेवढी वर्षे मुलींच्या शाळेत शिकवते आहे आणि तेवढीच वर्षे मी नुसती 'बाई' आहे. माझे मार्गदर्शक जूनमध्ये निवृत्त होतात. पन्नाशीच्या बाईला त्यानंतर दुसरे कोणी घेणार नाही, असे त्यांनीच हसत सांगितले. म्हणजे संधी ही एकच. पदवीदानाच्या मंडपात 'द्वारका आगाशे' असे पुकारलेले मला ऐकायचे आहे. बाकी कशाची हाव नाही.

सगुणाबाईची मुलगी पारू दाराशी उभी राहून माझा चष्मा न्याहाळत होती. मनगटाच्या वर गोंदवलेले स्वतःचे नाव तिने ऐटीत दाखवले. घरात वाचता कोणालाच येत नाही. सगुणाबाई म्हणाली, गोंदनारी शानी हुती, बराबरच असंल. बरोबर आहे.

४ डिसेंबर

शाळा एकशिक्षकी. भिवाजी मास्तर भला माणूस आहे, पण वर्गात तंबाखू मळतो. मी पाहिले आणि त्याने डबी खिशात घातली.

प्रयोगाला अर्थ नसलेले शब्द लागतात. ओळखीचा शब्द मूल ओळखीच्या जोरावर लक्षात ठेवते. त्यात निव्वळ स्मरण किती, हे कळत नाही. मराठीत असे शब्द मिळणे महाकठीण. कोणतीही दोन अक्षरे जुळवा, कुठल्या तरी तालुक्यात त्यांचा अर्थ निघतो. उन्हाळाभर कोश चाळून मोजके शब्द हाती लागले: झेव, घोफ, ठीभ, ढेश असे. एकेका मुलाच्या हाती एकेक पुठ्ठा दिला. पहिला पुठ्ठा माझा. मी 'मूझ' म्हणून सुरुवात करते, मुले ओळीने आपापला वाचतात, वाचता न येणाऱ्याला मी सांगते, मग सगळी मिळून म्हणतात.

कान्हू नावाचा वांड मुलगा 'घोफ' वाचून म्हणाला, "बाई, कुत्रं शिंकल्यावानी वाटतंय." पारूने माझ्यामागून 'झेव' म्हटले, तर मागून कोणीतरी ओरडले, "मग वाढा की!" मी छडी आपटली. तोंड फिरवून मीही हसले, हे इथे लिहायला हरकत नाही.

१२ डिसेंबर

निर्जीव शब्द मूल एका दिवसात निम्म्याहून अधिक विसरते. जगभर हेच आढळते. इथे आठवडा झाला, एकही मूल एकही शब्द विसरलेले नाही. गुरे वळताना म्हणतात, विटी-दांडूत म्हणतात. भिवाजी मास्तर म्हणाला, बाई, पाढं असं पाठ झालं असतं तर मी इन्स्पेक्टरला पेढं वाटलं असतं.

चूक माझ्या पद्धतीत असणार. सराव दुप्पट केला. मुलांबरोबर मीही म्हणते, म्हणजे चाल एकसारखी राहते.

१७ डिसेंबर

ओढ्यावर कान्हूची आई धुणे आपटत होती. पोरगा पलीकडे होता. तिने हाक मारली, "घोफ! ए घोफ! म्हस कुटं गेली बघ!" तो 'ओ' देऊन पळत आला.

मी तिला म्हटले, प्रयोगाची थट्टा करू नका. ती माझ्याकडे बघत राहिली. थट्टा कसली, म्हणाली. मुलाला त्याच्या नावाने हाक मारा, असे मी बजावले. तिने साधेपणाने सांगितले, "त्येच नाव हाय की बाई. बारशाला आत्यानं ठेवल्यालं."

२० डिसेंबर

कान्हू या नावाला तो मुलगा वर्गात मान वळवत नाही. सोंग नव्हे. त्याच्या पाठीमागे उभी राहून मी अचानक हाक मारली. पापणी हलली नाही. घोफ म्हणताच उठला.

रात्रभर विचार केला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी जे सिद्ध करायला आले तेच माझ्या डोळ्यांसमोर घडते आहे. नव्याने जुने पुसले गेले, आणि तेही नाव, जे माणूस सर्वांत शेवटी विसरतो. असा पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. आईला पुठ्ठा दाखवला नव्हता, तरी तीही विसरली. ते मला समजत नाही. समजेल.

भिवाजी मास्तर म्हणाला, बाई, हे बंद करा. मी सांगितले, आणखी आठ दिवस. मार्गदर्शकांना पत्र टाकले.

२७ डिसेंबर

सगुणाबाई चुलीपुढे बसून रडत होती. पोरगीला भाकरी खायला बोलवायचे होते. तोंड उघडले आणि नाव येईना. "माझ्या जिभंवर हाय ओ बाई. आत्ता हुतं." पोरगी समोरच बसली होती. ती म्हणाली, आये, मी झेव. सगुणाबाईचा चेहरा एकदम निवला. व्हय की, म्हणाली, आणि भाकरी वाढली.

मुलीने मग हात पुढे केला. मनगटाच्या वरची हिरवी अक्षरे दाखवून विचारले, "बाई, हे काय लिवलंय?"

मी वाचले. पारू.

"पारू म्हंजे काय?"

सगुणाबाईलाही ठाऊक नव्हते. गोंदनारी येडी हुती, म्हणाली.

२८ डिसेंबर

प्रयोग बंद. सगळे पुठ्ठे चुलीत घातले. फार उशीर केला. कान्हूच्या वेळीच थांबायला हवे होते. पुरावा हवा होता मला.

२ जानेवारी

उलटा प्रयोग करून पाहिला. मुलांची खरी नावे फळ्यावर लिहिली, घोकून घेतली. कान्हू, पारू, सावळ्या, जया. मुलांनी मन लावून पाठ केली. ती मुळात शहाणी आहेत. एक पोरगा हसत म्हणाला, "सावळ्या! हे तर लईच येडं हाय, बाई." सावळ्या तोच.

दुसऱ्या दिवशी निम्मी नावे गेली. तिसऱ्या दिवशी एखादेच उरले. पुस्तकात आलेख असतो तंतोतंत तसे. निर्जीव शब्द जसे विसरले जायला हवेत, तशी मुले आपली नावे विसरली.

माझे शब्द आता शब्द आहेत. आणि ही नावे —

५ जानेवारी

संध्याकाळी सगळी वाडी पोरांना हाका मारते. ठीभ. ढेश. झेव गं. आया किती मायेने मारतात. कोणी दुःखी नाही. मीच एक.

झेव पाण्याची कळशी घेऊन आली. गुणी पोर आहे. हातावर काहीतरी गोंदवलेले आहे, नक्षी असावी.

भिवाजी मास्तर शाळा टाकून पौडला निघून गेला. जाताना म्हणाला, बाई, तुमीबी चला. घरी हाक मारायला माझ्या मुलाचं नाव घ्यावं म्हटलं आणि नावच येईना. गाडीत चढून बसला.

६ जानेवारी

आज लक्षात आले. मुलांनी ते शब्द म्हटले दिवसातून थोडा वेळ. मी निवडताना म्हटले, कोशात शोधताना म्हटले, उन्हाळाभर म्हटले. इथे प्रत्येक तुकडीबरोबर म्हटले. या वाडीत सर्वांत जास्त सराव माझा आहे.

पुण्याला जावे. पण रजा संपली की वर्गात उभी राहीन — साडेचारशे मुली — तोंडातून निघाले तर? दाताखाली सतत असतात. आत्ताही —

जायचे नाही.

८ जानेवारी

पोस्टमन आला होता. विद्यापीठाचे जाड पाकीट. वर कोणा द्वारका आगाशे यांचे नाव. इथे या नावाचे कोणी राहत नाही, असे मी स्पष्ट सांगितले. तो घोटाळला. म्हणाला, पुण्याच्या बाई तुमीच न्हवं? मी खडसावले. पत्ता नीट वाचायला शिका, दुसऱ्याचे टपाल भलत्याच्या हाती देऊ नका. परत घेऊन गेला.

बिचाऱ्या बाई वाट पाहत असतील.

९ जानेवारी

सकाळपासून अस्वस्थ. त्या पाकिटात काहीतरी — माझ्या कामाचे — का वाटते?

सगुणाबाईला विचारले, मी इथे आले तेव्हा काय नाव सांगितले होते? ती म्हणाली, न्हाई सांगितलं, आमी बाईच म्हनतो. झेवला विचारले. ती हसली. तुमचं नाव सगळ्यास्नी ठावं हाय की, म्हणाली. पुढचे ऐकू नये म्हणून मी कानांवर हात —

लहान मुलीच्या अंगावर ओरडले.

११ जानेवारी

प्रबंध लिहायचा. ते तरी. निष्कर्ष सिद्ध झालेला आहे. जूनपूर्वी द्यायला हवा. मंडपात नाव पुकारतील तेव्हा मी उठेन — पुकारतील तेव्हा ओळखेन —

शीर्षकपान घेतले. विषय लिहिला. विद्यापीठ लिहिले. वर्ष लिहिले.

सादर करणार — कु.

सादर करणार — कु.

वडिलांचे आडनाव काय होते? आई मला काय — पदराला हात पुसत दाराशी यायची, आणि काय म्हणायची — ओठ हलताना दिसतात —

सादर करणार —

बाहेर सगुणाबाई हाक मारते आहे. मूझ. अगं मूझ, जेवायला ये. आईसारखीच मारते. मी ओ दिली. लगेच दिली. इतके बरे कधीच वाटले नव्हते. येते म्हटले, एवढे एक नाव लिहिते आणि