समोरून दिसणारी माळ

३ डिसेंबर
अर्धी माळ गेली! प्लगकडचे पंचवीस दिवे लागतात, पुढचे पंचवीस ठार. यांना समोरच्या हॉस्पिटलात ठेवून आज नववा दिवस. साथीमुळे भेटायला बंदी, नुसता फोन. पहिल्याच दिवशी बजावलं होतं — "बाल्कनीतली माळ रोज लाव. मला खाटेवरून दिसते."
फोनवर विचारलं, दिसली का?
"दिसली की! पन्नासच्या पन्नास."
अहो, अर्धी बंद आहे!
"हो का? लांबून मोजताना चुकलो असेन."
आधी हसू आलं, मग धसका घेतला. डोळ्यांवर परिणाम झाला नसेल ना?

४ डिसेंबर
वन्संचा फोन. "वहिनी, माणूस आजारी आणि तू माळा कसल्या लावतेस?" काय सांगणार! तिन्हीसांजेला घरातला दिवासुद्धा लावत नाही मी, तशीच बसून राहते. यांना ठाऊक आहे, ओरडतात. माळेपुरती तेवढी उठते.

५ डिसेंबर
यांनी फोनवरून शिकवलं. इतकी वर्षं मी नुसतं स्टूल धरलं. "आधी प्लग काढ. बंद भागातला एक दिवा उपटून चालू भागात बसव. लागला तर साव, नाही लागला तर तोच चोर."
सोपं आहे म्हणे! प्लग काढा, दिवा काढा, बसवा, प्लग लावा, बघा — की पुन्हा पहिल्यापासून. आठ झाले. नखं दुखतायत. आठही साव!
पण खरं सांगायचं तर आज घर खायला उठलं नाही.

६ डिसेंबर
सतरावा चोर! एक पाय गंजून तुटलेला. यांच्या डब्यातला नवा दिवा बसवला — तरी अंधार. जमिनीवर माळ पसरून बसले आणि रडले. नुसत्या माळेसाठी नाही. रोज एकच ताट घासते, त्यासाठीही.
मग फोन केला.
"उलटा बसवलास. फिरवून बसव. त्याला सुलटं-उलटं असतं."
तुमच्यासारखंच, म्हटलं. हसले, हसता हसता खोकला आला, फोन ठेवला.
फिरवून बसवला. लागली! सगळी!
परत फोन. "दिसली. पन्नास."

७ डिसेंबर
तो खोकला मनातून जात नाही.

९ डिसेंबर
बंदी उठली. चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही, तशीच गेले. चौथा मजला, अकरा नंबरची खाट. खिडकी आहे. बाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दोन पाइप. बाकी काही नाही.
नर्सला विचारलं, खाट कधी बदलली?
"नाही हो मावशी, पहिल्या दिवसापासून हीच."
हे ओशाळून हसले. "आज लावशील ना?"
"लावीन," म्हटलं. "तुम्ही मोजा."