अथेन्सच्या मुलग्यांचं बालपण

अल्फारेटा, ४ मार्च २०२५

ती. सौ. आसावरीताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र.

केया शुक्रवारी शाळेतून आल्यापासून घुश्शात आहे. सहावीला सध्या प्राचीन ग्रीस चालू आहे आणि पुढच्या शुक्रवारी त्यांच्या वर्गाचं अथेन्स होणार आहे. सभेत जो ठराव मंजूर होईल तो वर्षअखेरपर्यंत खरोखर पाळायचा, असं बाईंनी कबूल केलंय. मधल्या सुट्टीत सॉकरचं मैदान रोज मुलगेच अडवतात. आठवड्यातून दोन दिवस ते मुलींना मिळावं, म्हणून केयाने भाषण लिहून पाठही केलं होतं. आता बाई म्हणतात, त्या काळी होतं तसंच करायचं. मुलगे नागरिक, मुलींनी कोपऱ्यात कागदी पट्ट्या विणायच्या. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. कसं वाटलं यावर सोमवारी चर्चा.

मी बाईंना ई-मेल लिहिली आणि खोडली, पुन्हा लिहिली आणि खोडली. त्या खोटं शिकवत नाहीयेत, मग माझी तक्रार कशाबद्दल? आणि ती केयासाठी आहे की माझ्यासाठी? प्रसाद म्हणाला, इतिहास आहे तो, त्याला आपण काय करणार. एवढं बोलून आपलं ताट तिथंच ठेवून उठला.

इतिहासात एम. ए. तू केलंयस, तूच सांग. लोभ आहेच, थोडा सल्लाही असू दे.

तुझी,
रत्ना


रेडमंड, ८ मार्च २०२५

चि. सौ. रत्नास,
अ. उ. आ.

ई-मेल पाठवू नकोस. तुझी ई-मेल म्हणजे पहिले तीन परिच्छेद माफीचे. स्पार्टात मुली धावायच्या, कुस्तीसुद्धा खेळायच्या. तू तिथं असतीस तर समोरच्या मुलीला पाडण्याआधी तिची परवानगी घेतली असतीस.

केयाला एवढंच सांग की अथेन्समध्ये मुलगे साधारण सातव्या वर्षी शाळेत जात. तोवर ते घरातल्या बायकांच्या हाताखाली वाढत. बाईंना होतं तसंच हवं आहे ना? मग नागरिक होण्याआधी या मुलग्यांचं बालपण नको का व्हायला, एवढं तिने त्यांना नम्रपणे विचारावं. पुढचं तिला शिकवू नकोस. ती माझ्यावर गेलीय.

प्रसादचं ताट उचललंस का, ते मी विचारत नाही. इकडे पाऊस आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं. माया आहे, ती लिहून संपणार नाही.

तुझी,
ताई


अल्फारेटा, १५ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केयाने विचारलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी सभेआधी सगळ्या मुलग्यांना विणकामाच्या कोपऱ्यात बालपण घालवायला पाठवलं. मी मदतनीस पालक म्हणून तिथंच होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. मुलींनी त्यांना मांडी घालून बसवलं, द्राक्षं भरवली आणि प्रत्येकाकडून एकेक ओळ बडबडगीतासारखी घोकून घेतली. मुलगे लाडात आले होते. काय घोकतोय, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग सभा भरली. बोलायची तयारी एकाही नागरिकाने केली नव्हती. बाईंनी देवला उभं केलं. हा वर्गातला सगळ्यात चपळ स्ट्रायकर. तो गडबडला आणि तोंडात होती ती ओळ बोलून मोकळा झाला: मैदान सगळ्या नगराचं असतं. पुढच्याने पुढची ओळ म्हटली, त्याच्या पुढच्याने त्याच्या पुढची. केयाचं अख्खं भाषण वर्गाने ऐकलं आणि ती मान खाली घालून पट्ट्या विणत राहिली. आपणच बोललेल्याच्या विरोधात हात कसा वर करायचा, हे कुणाला सुचेना. ठराव मंजूर झाला. मंगळवार आणि गुरुवार मुलींचे.

बाईंना सगळं कळलं होतं असा मला संशय आहे, कारण त्या बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मुलग्यांना फसवलं का, या विचाराने मला मात्र रात्रभर टोचलं. सकाळी केयाला विचारलंच. ती म्हणाली की देवनेही तिला हेच विचारलं होतं. आपणच आपलं मैदान कसं दिलं, हे त्याला अजून कळत नव्हतं. तिने त्याला शांतपणे सांगितलं, "यू वर रेझ्ड वेल."

तिच्यावर आणि माझ्यावर लक्ष असू दे.

तुझी,
रत्ना