मागच्या रांगेतली गर्दी

ता. २ फेब्रुवारी

चि. कासवास,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, मी अखेर निवृत्त होते आहे. चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून. आता शाळाच बंद होणार, म्हणजे त्या खुर्चीत कोण येऊन बसतंय म्हणून जीव जाळायलाही नको. १ मार्चला, रविवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ आहे. चारशे खुर्च्या सांगितल्या आहेत. रजिस्टरमधल्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला मी स्वतः पत्ता घालून आमंत्रण पाठवलंय. बोटांना घट्टे पडले.

आता तुझ्याविषयी. शाळेच्या रौप्यमहोत्सवाला तू आलास आणि सातव्या मिनिटाला गायब झालास. भाषणाच्या मध्यावर मला तुझी रिकामी खुर्ची दिसली आणि पुढचं वाक्यच आठवेना. शेवटी शिपायाने तुला सायकलींच्या शेडमध्ये शोधून काढलं. तू म्हणे डोळे मिटून, एका सायकलची घंटा वाजू नये म्हणून ती धरून उभा होतास. सासरची माणसं अजून विचारतात, तुमचा भाऊ शिष्ट आहे का. मी सांगते, शिष्ट नाही, कासव आहे, चार माणसं दिसली की मान आत.

आई-वडील गेल्यापासून माहेरचा म्हणावा असा तू एकटाच. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. या वेळी ती रिकामी दिसली तर मला फार लागेल, आणि मग मी तुला पत्र लिहिणार नाही. हे रागाने नाही, नीट विचार करून लिहिते आहे.

माया आहे तेवढाच धाकही आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मनापासून अभिनंदन. चारशे खुर्च्या वाचल्यावर मात्र मी पत्राची घडी घातली आणि आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद केला.

गर्दी मला काय करते, असं तू नेहमी विचारतेस. काहीच करत नाही, ती बिचारी आपलं आपलं बोलत असते. माझ्या कानांना निवड करता येत नाही, एवढंच. तुला शेजारीण काय म्हणते ते ऐकू येतं आणि बाकीचं मागे राहतं. मला शेजारीण, तिच्यामागचा खोकला, चौथ्या रांगेतली किल्ल्यांची जुडी, कुणाच्या तरी केसांचं तेल, नव्या बुटांची करकर, आणि पलीकडचं हसतमुख जोडपं घरून भांडून आलंय हेसुद्धा, सगळं एकदम आणि सारखंच मोठं. दहा मिनिटांत हात गार पडतात, श्वास पुरत नाही आणि पाय आपोआप दार शोधतात. त्यात तुझा अपमान करायचा नसतो गं. त्या दिवशीचं तुझं भाषण मी शेडमधून शेवटपर्यंत ऐकलं. कर्ण्याचं तोंड तिकडेच होतं.

आणि असा मी रेडिओ केंद्रात सव्वीस वर्षं काय बनवतो, तर गर्दी! नाटकातला बाजार, कोर्ट, सभा, सगळं माझ्या बंद खोलीतून निघतं. साहेब नव्या लोकांना सांगतात की गर्दी शिकावी तर यांच्याकडून. खरं तर गर्दीला माणसं लागतच नाहीत. टाळ्याच घे. सपाट तळहातांनी वाजवायच्या, मग खोलगट, मग एक हात मांडीवर. पायाने फळी हाणायची. दोन जातींचं खोकायचं. मुख्य म्हणजे कोणीतरी उशिरा सुरू करायचं आणि कोणीतरी थांबायला विसरायचं. तेवढं साधलं की एकाचे वीस होतात.

तेव्हा मला घरी राहू दे. हवी तर टाळ्यांची एक टेप पाठवतो, उत्तम प्रतीची.

राग एका मर्यादेत आणि लोभ अमर्याद ठेवावा, ही विनंती.

तुझा,
कासव

ता. १३ फेब्रुवारी

चि. कासवास,
अ. उ. आ.

टेप पाठवलीस तर ती तुझ्याच डोक्यात घालीन. चौतीस वर्षांच्या नोकरीला डबाबंद टाळ्या! मला हातांच्या हव्यात, हाडामांसाच्या.

कान तुझे एकट्याचेच आहेत असं समजू नकोस. शाळेत मधली सुट्टी झाली की छप्पर उडतं की काय असं वाटतं, त्यात मी डबा खाल्ला आहे. पण तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. यायचं तर ये, नाहीतर कापूस घालून बस घरात. तुझ्या खुर्चीवर बसायला माणसं काही कमी नाहीत.

खुर्च्या मात्र दोनशे केल्या आहेत. सभागृहात हवा खेळायला हवी. पोस्टमन हल्ली रोज येतो, पण ते जाऊ दे.

सध्या फक्त आशीर्वाद. लोभाचं तू आल्यावर बघू.

ताई

ता. १८ फेब्रुवारी

चि. कासवराव यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी दुकानातून, तुमच्या बहिणीला न सांगता लिहितो आहे. समोर गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचतंय, तेवढा वेळ आहे.

पोस्टमन रोज येतो असं तिने तुम्हाला लिहिलं असेल. काय घेऊन येतो ते लिहिलं नसेल. तिचीच आमंत्रणं परत घेऊन येतो, गठ्ठ्यांनी. पत्ता बदलला, येथे राहत नाहीत, असे शेरे मारलेली. पोरं मोठी झाली, कुठल्या कुठे गेली, आणि हिने पत्ते घातले ते त्यांचं शाळेत नाव घातलं तेव्हाचे. नवे पत्ते विचारून घेऊ म्हटलं, तर म्हणाली, रजिस्टर म्हणजे रजिस्टर. आजपर्यंत नक्की येणारे छत्तीस, त्यात फोटोवाला धरला आहे. ती रोज थोड्या खुर्च्या कमी करते आणि मला सांगते की हवा खेळायला हवी.

परवा एकटीच जाऊन व्यासपीठावर उभी राहून आली. घरी येऊन जेवली नाही. तुम्हाला भरल्या सभागृहाची धास्ती, तिला रिकाम्याची. ऐन वेळी तिचं भाषण घशात अडकेल, अशी मला भीती वाटते. तुम्ही या असं मी म्हणणार नाही, तुमचा त्रास मी पाहिला आहे. कळवल्याशिवाय राहवलं नाही, इतकंच.

आपला,
भावोजी

ता. २२ फेब्रुवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

मी येतो. तिला कळवू नका. येतो म्हणून न आलो तर तिला दुप्पट लागेल, आणि माझ्या पायांची मला खात्री नाही.

मला पहिल्या रांगेत बसवू नका. सगळ्यात मागची, दाराजवळची खुर्ची द्या. पुढच्या माझ्या खुर्चीवर फोटोवाल्याला बसवा, ती रिकामी दिसता कामा नये. मागच्या बाजूचे दिवे बंद ठेवता आले तर ठेवा. आणि सभागृहाची जमीन लाकडाचीच आहे ना?

आता तुमच्या धंद्यातला प्रश्न. फोटोसाठी ताई चष्मा काढून ठेवते. चष्म्याशिवाय तिला कितव्या रांगेपर्यंत दिसतं, तेवढं उलट टपाली कळवा.

आपला,
कासव

ता. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावण्याआधी पुढचं वाक्य वाच. मी आलो होतो. भावोजींना विचार.

पुढे यायला निघालो होतो, पण मागच्या रांगा खच्चून भरलेल्या. तू चष्मा काढून ठेवला होतास, म्हणून तुला दिसलं नसेल. उशिरा आलेले तुझे जुने विद्यार्थी असावेत. पहिल्या दिवशी तू चुकीच्या वर्गात शिरून तास पूर्ण घेतलास, ती गोष्ट सांगितलीस तेव्हा काय टाळ्या पडल्या! एक जण तर थांबायलाच तयार नव्हता. त्या रेट्यात पुढे सरकता येईना, आणि माणसं उठायला लागायच्या आत मी निघालो. भेटलो नाही त्याबद्दल माफ कर.

घरी येऊन दोन दिवस पडदे लावून पडून होतो. आता बरा आहे. उजवा तळवा सुजलाय, म्हणून अक्षर असं. बसच्या दारात चेमटला.

तू छान बोललीस. मला फार अभिमान वाटला.

लोभाची थकबाकी आता तरी सोडावी, ही विनंती.

तुझा,
कासव

ता. १० मार्च

चि. कासवास,
अ. उ. आ.

मागे म्हणे खच्चून गर्दी होती! अरे, मागच्या बाकावरून एकच कार्टं सहा जणांचे आवाज काढतं, तेव्हा ते कोणतं हे फळ्याकडे तोंड करून ओळखण्यात माझी चौतीस वर्षं गेली. डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत. सपाट, खोलगट, मग मांडी. क्रमसुद्धा तू पत्रात लिहिलास तोच! निदान तेवढा तरी बदलायचास. हसू आवरेना म्हणून मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. मग खरंच आलं.

उभी राहिले आणि पहिल्याच टाळ्यांत तुला ओळखलं. सदतीस माणसं, तुला धरून. मला ती इतकी थोडी वाटत होती की परत खाली बसावं, आणि तुला तेवढीही किती जड जात असतील हे मला कळत होतं. सातव्या मिनिटाला तू उठशील म्हणून मी घड्याळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं. टाळ्या चालूच. बाविसाव्या मिनिटाला चालू, चाळिसाव्यालाही. मग मी घड्याळ बघायचं सोडून दिलं आणि निवांत बोलत सुटले. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

यांनी पहिल्यांदा कानावर हात ठेवले. मग मी विचारलं, चष्म्याशिवाय मला तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही हे कासवाला कोणी सांगितलं. तेव्हा चष्मा पुसत बसले.

नणंदबाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत की मागे काय तुफान गर्दी होती, फक्त तुमचा तो शिष्ट भाऊ तेवढा दिसला नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुझं नाव घ्यावं तर गर्दी जाते. एवढा बोल माझ्यासाठी आणखी सोस.

बसच्या दारांना उगाच दोष देऊ नकोस आणि तळवा गरम पाण्याने शेकत जा. पुढच्या महिन्यात चार दिवस राहायला ये. घरात आम्ही दोघंच असतो. तू मात्र या वेळी एकटा ये. एवढी माणसं बरोबर आणू नकोस.

लोभ आहे तेवढाच राहील. वाढायला आता जागा उरलेली नाही.

तुझी,
ताई