बेंबीतला विटाळ

४ एप्रिल
साताऱ्याहून सामानाचा ट्रक आला. लोखंडी कपाट, शिलाई मशीन, देवघर, सगळं धड. भाडं अठ्ठावीस हजार, हमालांना सहाशे, चहापाणी ऐंशी. ह्यांच्या बदलीचं इथलं, उत्तरेतलं सेक्टर तीसचं क्वार्टर हवेशीर आहे, ह्यांची प्रयोगशाळाही जवळच. दसऱ्यानंतर साताऱ्याला दुर्बिणीतून माझी पिशवी काढली, पोटावर तीन बारीक वण तेवढे राहिले. आता बाजूला बसणं कायमचं संपलं, पूजेत खंड नाही. देवाची कृपा! हे म्हणाले, चला, महिन्याकाठी चार दिवस पोळ्या लाटण्यातून मीही सुटलो.

१९ एप्रिल
फुलं वाहताना पातळावर बेंबीपाशी काळपट डाग दिसला. वणाखाली हरभऱ्याएवढी गाठ, ठणकते. पू नव्हे. वास ओळखीचा. हातातलं फूल तसंच टाकून उठले. पिशवी नाही, तरी आलंच कसं?

२३ एप्रिल
पाचव्या दिवशी न्हाऊनमाखून दवाखान्यात गेले. तोवर सुकलेलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं.

१७ मे
पुन्हा. गाठ सुपारीएवढी, जांभळी. हे म्हणाले, आत्ताच्या आत्ता चल. अशा अवस्थेत रिक्षात, बाकावर, चार जणांना शिवू? हे चिडून म्हणाले, तुझ्या सोवळ्यापुढे हात टेकले बाई!

२२ मे
डॉक्टरीणबाई वैतागल्या. म्हणाल्या, पिशवीचं अस्तर दुर्बिणीच्या भोकात रुजलं असावं, बीजकोष ठेवलेत म्हणून दर महिन्याला पाझरतं. कापून काढावं लागेल, अंगावर काढू नका. ‘माताजी, जब बहता हो तब आइए, सूखा देखके क्या पक्का बताऊँ?’ मी मान हलवली. पण नेमकी तेव्हाच कशी जाऊ?

१४ जून
आता उजव्या वणातूनही. देवघराचा पडदा ओढून घेतला. हे दौऱ्यावर.

१७ जून
चौथा दिवस. न्हाले. थांबलं नाही.

१९ जून
अजून — शेजारीण दवाखान्यात नेते म्हणाली, तिला दाराबाहेरच थांबवलं. गाठ फुटली. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार —

साताऱ्याच्या आमच्या बाळकृष्ण गुरुजींना हेच पान पाठवते, पुरुषमाणसाला फोनवर कसं सांगू. गुरुजी, पिशवी नसलेल्या बाईला विटाळ लागतो का? उंबरा ओलांडू का? उलट टपाली कळवा, तोवर मी इथेच बसू —